आयर्लंडचा झेंडा आणि फौजदार

बेचाळीस सालची गोष्ट. भाताला नुकत्याच लोंब्या धरल्या होत्या. उत्रोलीजवळच्या आमच्या वाडीत भर दुपारी पोलीस आले... मी तेव्हा दहा वर्षांची. आज नव्वदी उलटून गेली, पण ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. नातीने मोबाईलवर मराठी टायपिंग शिकवलंय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी झेंड्याचं सांगते. आमच्या मास्तरांकडे युरोपातल्या देशांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यांनी प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला... त्याचा झेंडा काढायचा आणि चार गोष्टी पाठ करायच्या. माझ्या वाट्याला आयर्लंड आला.

हिरवा, पांढरा, नारिंगी असे तीन उभे पट्टे. आमच्याकडे रंगपेटी कुठली... घेवड्याची पानं ठेचून हिरवा केला, हळदीत कुंकू कालवून नारिंगी. पांढरा कागदाचाच ठेवला. भाताच्या शितांनी तो झेंडा मी कणगीच्या वर, भिंतीला चिकटवला. आईने शेजारणींना बोलावून दाखवला.

त्या दिवसांत नसरापूरच्या बाजूची एक बातमी कानावर आली होती. कुणाच्या तरी घरात काँग्रेसचा झेंडा सापडला आणि त्या माणसाला दोरीने बांधून नेलं म्हणे. बाजारातून आलेले लोक हे माझ्या वडिलांना, आबांना, दबक्या आवाजात सांगायचे. पण आमचा झेंडा पार सातासमुद्रापलीकडचा... त्याचा याच्याशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दुपारी फौजदार, दोन शिपाई आणि मागे खाली मान घालून पोलीसपाटील. टेलिफोनच्या तारा तोडणारं कुणीतरी आमच्या बाजूला लपलंय अशी खबर होती, म्हणून घरोघर झडती चालली होती. शिपायाने आमच्या कणगीत काठी खुपसली... आणि फौजदाराची नजर वर गेली.

त्याने कागद ओढून काढला आणि नेमका आडवा धरला. नारिंगी वर, हिरवा खाली... लोक कुजबुजत होते तोच झेंडा! फक्त चरखा नव्हता.

"हा कुणाचा?"

"साळंतला हाय जी, पोरीनं काढलाय." आबांना अक्षरओळख नव्हती, त्यांना एवढंच सांगता येत होतं.

"शाळेत हे शिकवतात? मग मास्तरलाही घेऊ बरोबर." शिपायाने आबांचा दंड धरला.

खांद्यावर नांगर टाकून डोंगर चढणारे माझे आबा... शिपायाने ओढलं तसे दाराकडे चालू लागले. कशी कोण जाणे, मी एकदम ओरडले, "आयर्लंडचा हाय त्यो! उभा धरायचा असतो!"

फौजदार माझ्याकडे वळला. "असं? मग सांग बघू, काय माहिती आहे त्या देशाची?"

मी हात बांधून सुरू केलं. आयर्लंड हे युरोपातलं एक लहानसं बेट आहे. त्याची राजधानी डब्लिन. तिथं पाऊस फार, म्हणून गवत बारा महिने हिरवं असतं आणि लोक बटाटे पिकवतात...

आणि चौथी गोष्ट ओठांवर येऊन थिजली. 'हा देश पुष्कळ वर्षं इंग्रजांच्या ताब्यात होता. तिथल्या लोकांनी लढून आपलं राज्य मिळवलं.' वर्गात घडाघडा म्हटलेली ओळ... पण आबांच्या दंडावरच्या त्या हाताकडे बघितलं आणि ती गिळून टाकली.

"पुढं?"

"न्हाई आठवत."

त्याने शिपाई पाठवून मास्तरांना बोलावलं. मास्तर अनवाणीच धावत आले, पुस्तक छातीशी धरून. पान उघडलं. झेंडा तोच होता, पट्टे उभेच होते. मला वाटलं, सुटलो... पण फौजदार खालचा मजकूर वाचायला लागला. एकेका ओळीवरून बोट फिरवत.

चौथ्या ओळीवर बोट थांबलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आईने मला पदराआड ओढलं.

त्याने पुस्तक मिटलं. "पोरीला तीनच गोष्टी येतात," तो मास्तरांना हळू आवाजात म्हणाला. "तेवढ्या पुरेत. चौथी शिकवू नका." मग आईला झेंडा चुलीत टाकायला लावला, तो जळेपर्यंत उभा राहिला आणि शेजारच्या घरात शिरला. आबांचा दंड सोडून शिपाईही त्याच्या मागे गेले.

त्याने आम्हाला का सोडलं, कधीच कळलं नाही. मनातून तो आमच्यातलाच होता, की त्यालाही वरच्या कुणाची भीती होती... पुढे कित्येक दिवस बुटांचा आवाज आला की मी कणगीमागे जाऊन बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांबरोबर शेतावर गेले. बांधावर त्यांनी मला जवळ ओढलं. "काल काय गिळलंस गं? तुला आठवत व्हतं, म्या बघितलं."

चारी बाजूंना नजर टाकून मी त्यांच्या कानात ती ओळ सांगितली.

"येवढंसं बेट?"

"व्हय."

"कुणाला सांगू नगं," आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "अन् इसरू बी नगं."

त्या फौजदाराचं नाव मला माहीत नाही. पण आबा आणखी कित्येक वर्षं आमच्यात राहिले, ते त्याने मिटलेल्या त्या पुस्तकामुळे... एवढ्या वर्षांनी का होईना, त्याचे आभार मानायचे होते. आज मानले.