झाडून ठेवलेली जागा

कंपनीच्या माणसाचा फोन मलाच आला, कारण मी गावच्या शाळेत शिक्षिका, आणि बायका माझं ऐकतात. आगरदांड्याच्या अलीकडे, आमच्या किनाऱ्यावर कंपनीला धक्का बांधायचा होता. "सोमवारी अलिबागेहून सरकारी साहेब पाहणीला येणार. मॅडम, जरा वासाचं बघा," तो म्हणाला. पाहुणा येणार म्हटलं की आधी झाडायचं, हे आमच्या हाडातच. मी आईला सांगितलं. त्या वाळूवर ती चाळीस वर्षं बोंबील सुकवते. त्यावरच मी शिकले.

"मंग बोंबील काय डोक्याव घालू?" ती करवादली. तरी सगळ्या बायकांनी बोंबील उतरवले, त्यांचे बांबूही काढले, वाळू खराट्याने झाडली.

साहेब कंपनीच्या गाडीतून आले. सरकारी जीप बंद होती म्हणे. आईने दोन पापलेटं पुढे केली, तर त्यांनी हात जोडले. "मावशी, आम्हाला असं काही घेता येत नाही. नियम आहे."

आई खूश. "मानूस सरल हाय," म्हणाली. साहेब त्याच गाडीत बसून गेले.

साहेबांच्या अहवालात आलं, की जागा मोकळी आहे, कुणाच्या वापरात नाही. मी तो तीनदा वाचला. आपल्याच पायावर धोंडा, आणि उचलून देणारी मी. फार लाज वाटली.

कंपनीने सरकारकडे जाऊच नये, असं मी म्हणत नाही. पापलेटं घेऊन आम्हीही गेलोच होतो की. पण आमचं पापलेट चारचौघांत पुढे झालं, आणि नियम नेमका त्यालाच लागला. अलिबागेपासून इथपर्यंत गाडीत काय बोलणं झालं, ते कुठल्या कागदावर आहे? ते लिहून ठेवायची सक्ती हवी. आणि कंपनीच्या गाडीला तर सरळ बंदीच हवी.

आम्ही हरकत घेतली, फेरपाहणी लागली. पुन्हा तोच फोन, तेच गोड बोलणं. मी निरोप आईला सांगितला आणि आम्ही दोघी हसलो. तिने बांबूंवर बोंबील टांगले, खाली ओला जवळा थेट रस्त्यापर्यंत पसरला.

साहेब नाकाला रुमाल लावून उतरले. गाडी तीच होती. त्यांनी वही उघडली तशी आई टोपली ठेवून समोर जाऊन उभी राहिली.

"सायेब, आज काय दिसतंय तं लिव," ती म्हणाली. "आन् कुनाच्या गाडीतून आलास, तं बी लिव."