सुटलेल्या दगडाचा आवाज

वळसंगच्या सिद्धम्मानं तीस वर्षं खाणीत दगड फोडला. घण पडला की आवाजावरून तिला कळायचं. घट्ट दगड खणखणीत वाजतो, आतून सुटलेला बद्द. एका सकाळी तिनं मुकादमाला सांगितलं, वरचा दगड बद्द वाजतोय, खाली माणसं लावू नका. त्यानं हसण्यावारी नेलं. दुपारी तोच दगड तिच्या नवऱ्यावर, गुरुबसप्पावर आला; तो जागीच गेला. खाण बंद पडली आणि सिद्धम्मा त्या आवाजाबद्दल कुणाशी बोलेनाशी झाली.

बारा वर्षांनी, मार्चमध्ये, तिथं अंकिता आली. मंद्रूपची मुलगी, सोलापुरात भूशास्त्र शिकणारी. जुन्या खाणींच्या कडा किती पक्क्या आहेत, हा तिचा अभ्यास. कंपास, म्हणजे उतारही दाखवणारं होकायंत्र, दगडाला टेकवून ती भेगांचा उतार मोजायची. शेळ्या राखणारी सिद्धम्मा दोन दिवस लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणाली, "पोरी, तितं बसू नगंस. त्यो दगड सुटलाय."

हे कसं कळलं, असं विचारून अंकितानं तिच्या हाती हातोडी दिली. सिद्धम्मा कडा ठोकत गेली, अंकिता खडूनं खुणा करत गेली. मग वहीतली मोजमापं ताडून पाहिली. बद्द जागा आणि खाणीकडे कललेल्या भेगा जवळजवळ जुळल्या. पुन्हा तपासल्यावर दोन ठिकाणी सिद्धम्मा चुकलेली निघाली, एका ठिकाणी अंकिता.

शाळेची पायवाट त्याच कडेवरून जायची. दोघी सरपंच ज्ञानबांकडे गेल्या. ते म्हणाले, इतकी वर्षं काही झालं नाही. मग अंकितानं मोठ्या भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं पक्की बसवली. भेग रुंदावली तर काच तडकणार होती. पंधरा दिवसांत ती तडकली. दोघींनी सरपंचांना तिथं नेऊन दाखवली.

सिद्धम्मा एवढंच बोलली, "मागं एकदा सांगून गप बसले. आता न्हाय बसनार."

जूनमध्ये वाट शेताच्या बांधावरून वळवली. सप्टेंबरच्या पावसात, ऐन शाळेच्या वेळेला, कडेचा वीस फुटी तुकडा खाणीत गेला. तिथं कुणीच नव्हतं. त्या दिवशी सिद्धम्मा खूप वर्षांनी मोकळी रडली.

अंकिता आता घाटरस्त्यांवरच्या दरडींची पाहणी करते. गेल्या हिवाळ्यात ती सिद्धम्माला सोबत घेऊन गेली. एवढे उंच डोंगर सिद्धम्मानं पहिल्यांदाच पाहिले. बराच वेळ ती वर बघत राहिली, मग खाली दरीत कौलं दिसतात ते गाव कुठलं, असं विचारलं. अंकितानं नाव सांगितलं.

"मग आदी त्यांच्या डोक्यावरची बाजू बघू," सिद्धम्मा म्हणाली आणि चालू लागली.