वायर नसलेली बेल

गेल्या वर्षीचा मार्च, दुसरा सोमवार. मंजूर रक्कम चार हजार आठशे पन्नास रुपये. हजर : आमचे डॉक्टर, सिस्टर मंगल, इलेक्ट्रिशियन रफिकभाई आणि मी. ठिकाण गंगाखेडमधलं एक छोटं खासगी हॉस्पिटल. तिथले हिशेब मी बघतो. एवढं आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला भोळा समजाल... भूतखेत, देवऋषी मी कधीच मानलं नाही. पावती नसेल तर मी खर्चही मानत नाही.

महिनाभर आधी एका पेशंटच्या नातेवाइकाने मंगल सिस्टरना थोबाडीत मारली होती. त्यांनी राजीनामा दिला. महिनाअखेर त्या जाणार होत्या. त्या गेल्या तर बाळंतपणाचा विभाग बंद, हे डॉक्टरांना कळत होतं. म्हणून आम्ही सुरक्षेचा प्लॅन केला. काउंटरखाली बटण, पॅसेजमध्ये बेल. बेल वाजली की वॉचमन पांडुरंगमामांनी पुढचं चॅनल गेट ओढायचं, सिस्टरनी बाळंतिणींच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची, मी पोलिसांना फोन करायचा.

"प्लॅन लय भारी हाय सर," सिस्टर म्हणाल्या, "पण चापट कागदावर न्हाई पडली, माझ्या गालावर पडली."

रफिकभाईंनी बुधवारी बेल आणि बटण बसवलं. वायर कमी पडली. "उद्या आणतो साहेब, तवर तोंडानं वाजवा."

आम्ही खरंच तोंडाने वाजवली. डॉक्टर पॅसेजमध्ये उभे राहून "ट्रिंगऽऽ" ओरडले आणि मामा गेटकडे धावले.

"साहेब, ही बेल हाय का आईस्क्रीमवाला?" मामांनी विचारलं. महिनाभरात सिस्टर पहिल्यांदा हसल्या.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास पंधरा-वीस माणसं रस्त्यावरून धावत आली. उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडलेल्या एका मुलाला आम्ही सकाळी परभणीला पाठवलं होतं. तो वाटेतच गेला, अशी आवई उठली होती. पुढे त्याचा मोठा भाऊ, हातात लोखंडी सळई. काउंटरवर सिस्टर एकट्या. वायर नाही, हे त्यांना माहीत होतं. तरीही बोट बटणाकडे गेलं.

आणि बेल वाजली. मोठ्याने, थांबून थांबून, तीनदा.

मामांनी गेट ओढलं. सिस्टर आत, कडी. मी फोन लावला. सळई गेटवर आपटत राहिली... पाच-सात मिनिटं असतील. गोंधळ ऐकून डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले, तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. परभणीहून — मुलगा ऑपरेशनमधून बाहेर आला होता, शुद्धीवर होता. डॉक्टरांनी स्पीकर लावून फोन गजांतून बाहेर धरला. "दादा..." एवढंच ऐकू आलं. भावाने सळई टाकली आणि पायरीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी हाय का जरा?" बाहेर नातेवाइकांसाठी पाण्याची सोयच नव्हती. सिस्टरनी स्वतः गेट उघडून तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंनी डिक्कीतून वायरचं बंडल काढलं; वेष्टनही फोडलेलं नव्हतं. मी स्टुलावर चढून बघितलं. बेलचे वायर जोडायचे दोन्ही स्क्रू मोकळे. बेल वाजली तेव्हा डॉक्टर तर थिएटरमध्ये होते, म्हणजे तोंडाची बेलही नाही. आणि समोरच्या मेडिकलवाल्यानेही ऐकली होती.

सिस्टरनी राजीनामा परत मागितला. "बेल कशानं वाजली ते राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "ती वाजल्यावर सगळे आपापल्या जागी पोचले, ते मी बघितलं. मी न्हाई जायची."

वर्ष झालं, त्या बेलचा उलगडा मला अजून झालेला नाही. वायर जोडल्यावर ती पुन्हा वाजवायची वेळ आलेली नाही.

बिलात 'चालू करून दाखवणे' म्हणून तीनशे रुपये होते. रफिकभाईंनी ते खोडले. "वायर मी लावली, तिचे घेतो. पयल्यांदा वाजवली मी न्हाई. त्याचे कसे घेऊ?"

तेव्हा रफिकभाईंना चार हजार पाचशे पन्नास दिले. उरलेले तीनशे कुंभाराला. त्या पैशांत एक माठ आला, तो गेटबाहेरच्या बाकाशेजारी ठेवला आहे. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत.