नमस्काराला न उठलेले शिपाई

गेल्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी, आमच्या ब्रह्मा घाटावरच्या मंडळानं एका म्हाताऱ्या नाटककारावर अन्याय केला. त्यांच्या नाटकात युद्धात मेलेले शिपाई शेवटी प्रेक्षकांना नमस्कार करायला उठले नाहीत, म्हणून यंदाच्या उत्सवात त्यांना रंगमंच बंद! मी तणतणत त्यांच्याकडे गेले, तर ते घाटाच्या पायरीवर मजेत कचोरी खात होते.

“काका, उठवायचं ना त्यांना!”

“अगं, मेलेले हसत उठले की लोकांना युद्ध गोड लागतं. मेली ती सगळी गरिबाघरची पोरं. नाटकातला राजपुत्र मात्र लढाईच्या वेळी आजोळी गेलाय.” मग बोटं चाटत म्हणाले, “अध्यक्षांवर चिडू नकोस, बेटा. त्यांना नाटकानंतर निवांत जेवायचं होतं.”

इतका निर्भय माणूस मी पाहिलेला नाही. पण मला त्यांच्यासारखं हसता येत नाही. रविवारी मंडळाची सभा आहे. या, आणि त्यांना रंगमंच द्या, असं अध्यक्षांना तोंडावर सांगा.