शेजारच्या फ्रीजमधला कप्पा

दर उन्हाळ्यात गावी सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी मी फ्रीज रिकामा करते. इथे आखातात, माबेलाच्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायका करतात. घर महिनाभर बंद, मेन स्विच बंद. म्हणून केचप, सॉस, लोणची यांची रवानगी जो मागे राहतो त्याच्या फ्रीजमध्ये. आमचं सामान समोरच्या रत्नागिरीच्या चाचींकडे जातं. त्यांच्या मुलाचं दुकान आहे, ते उन्हाळ्यात हलत नाहीत.

काय न्यायचं, काय ओट्यावर ठेवायचं, ते मी ठरवते. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे मी; आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली. व्हिनेगर आणि मध बाहेर राहतात. मेयोनीज उघडलं की फ्रीजच. लोणच्यावर तेल असेल तर गावी फ्रीज लागत नाही, पण एसी बंद असलेलं इथलं स्वयंपाकघर म्हणजे भट्टी. बाटलीवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ लिहिणाऱ्याने जुलैतलं माबेला पाहिलेलं नाही.

यंदा मात्र बाटल्या ओट्यावर मांडल्या आणि हात चालेना. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. नवीन कधी विचारलं की ऑफिसातून एकच उत्तर, इन्शाल्ला. झालं तर सगळे परत येणार, नाही तर तो एकटा येऊन सामान विकून जाणार.

“दे सगळं फेकून,” बॅगेची चेन ओढत तो म्हणाला. “आपलं खलास आहे इथलं.”

“फेकायला काय झालं? कालपर्यंत खातच होतास ना?”

तेवढ्यात चाची टोपली घेऊन दारात. “काय गो, यंदा उशीर? मी कप्पा सकाळीच पुसून ठेवलाय.”

‘येणार ना, येणार’ असं सगळ्यांना सांगून सांगून थकले होते. म्हटलं, “चाची, परत यायचं नक्की नाही. तुम्हीच वापरून टाका.”

त्यांनी टोपली खाली ठेवली. ओट्याशी आल्या आणि बाटल्या निवडायला लागल्या. उघडलेल्या एकीकडे, सीलबंद दुसरीकडे.

“उघडलेल्या मी खाते. तुझं लिंबाचं लोणचं तशीही दरवर्षी खाते. तुला काय वाटलं, आपोआप कमी होतं?”

“कळतं हो मला. मी काय आंधळी नाही.”

“आणि ह्या बंद बाटल्यांना हात लावणार नाही. येऊन ने.”

“नाहीच आले तर?”

“तर माझी सून मला शिव्या घालत कप्पा साफ करेल. तुझं काय जातंय?”

सगळं टोपलीत भरून त्या निघाल्या. व्हिनेगर, मधसुद्धा. सील फोडेपर्यंत त्या बंद बाटल्यांतल्या एकीलाही फ्रीज लागत नाही. एरवी मी ऐकवलंच असतं. त्या दिवशी नुसतं दार धरलं.

मग आमच्या फ्रीजचं बटण बंद केलं, आतून पुसून घेतला, आणि दार मिटू नये म्हणून फटीत टॉवेलची घडी अडकवली.

“हे कशाला आता?” नवऱ्याने विचारलं.

“वास धरतो बंद ठेवला की,” मी म्हटलं. “आल्यावर मलाच घासायला लागतो.”