नवऱ्याचे नाव न सांगणारी बाई

पोलीस खात्यात मी अर्धे आयुष्य काढले. खून, दरोडे, दंगली, सगळे बघून झाले. पण नोकरीतली एखादी आठवण सांगा म्हटले की मला आधी आठवते ती साक्री भागातली एक म्हातारी. विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही, एवढाच तिचा गुन्हा होता.

नव्वदचे दशक सरत आले होते. सरकारी कचेऱ्यांत कॉम्प्युटर नुकते येऊन बसले होते आणि त्यांची बडदास्त जावयासारखी ठेवली जात होती. बाहेर चपला काढायच्या, आत मोठ्याने बोलायचे नाही. साहेबाच्या खोलीत पंखा घरघरायचा आणि कॉम्प्युटरच्या खोलीला एसी. तालुक्याच्या गावी पेन्शनरांसाठी असेच एक केंद्र उघडले होते. निवृत्त कर्मचारी, मयत कर्मचाऱ्यांच्या विधवा, त्यांची अपंग मुले यांनी हयातीच्या नोंदीसाठी धुळ्याला खेटे घालायचे नाहीत. इथेच बसून चार-दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची. ती टेलिफोनच्या तारेतून जिल्ह्याला जाणार, तिथल्या नोंदीशी जुळली की पेन्शन चालू. जुळली नाहीत की खाते गोठले. एसटीत धक्के खाणाऱ्या म्हाताऱ्यांची मोठी सोय झाली. ठगांचीही झाली, हे आम्हाला जरा उशिरा कळले.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना निनावी फोन आला. "साहेब, भलत्याच बाया मेलेल्या माणसांच्या विधवा बनून पेन्शन उचलताहेत. केंद्रावर लक्ष ठेवा." एवढे बोलून त्याने फोन ठेवला. खोटी खबर देणारा माणूस सहसा भरपूर तपशील देतो, असा माझा अनुभव आहे. हा दोन वाक्यांत घाबरून गप्प झाला, म्हणून मी स्टेशन डायरीत नोंद करून लगेच निघालो.

केंद्रावरचा कारकून चाळिशीचा, मुंबईत वाढलेला, नियमाला पक्का. मला बघताच म्हणाला, "बरे झाले आलात. मशीनने कालच एक पकडली आहे."

त्याने सांगितले ते असे. वनखात्यातल्या एका मयत वनरक्षकाची विधवा म्हणून ती आली होती. स्वतःचे नाव सांगितले, गाव सांगितले. पतीचे नाव विचारले तर गप्प. पुन्हा विचारले, पुन्हा गप्प. शेवटी खाते गोठले. मुलगा दोन्ही पायांनी अधू, त्याचा भत्ताही त्याच खात्याला जोडलेला, तोही बंद पडला.

"लाजतात हो बाया," मी म्हणालो.

"लाजतात, पण शेवटी हळूच सांगतात. नियमाप्रमाणे उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे. ही बाई मरायला तयार, पण नाव सांगायला नाही. कारण तिला ते ठाऊकच नसणार."

कागदावर त्याचे म्हणणे बिनतोड होते. दुसऱ्या दिवशी मी बाईला चौकशीसाठी बोलावले. ती जीपने आली. मुलाला दोघांनी उचलून दाराशी बाकावर बसवले. वय तिशीच्या पुढचे, दाढी वाढलेली, नजर आईवर. महिला शिपाई शेजारी बसवून मी विचारायला सुरुवात केली.

"अक्का, मालक कुठे कामाला होते?"

"फारेष्टमां व्हतात."

"त्यांचे नाव काय?"

तिने पदर कपाळावर ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

गप्प बसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. चोर गप्प बसला की तुमच्या तोंडाकडे बघत राहतो, तुम्हाला किती माहीत आहे याचा अंदाज घेतो. ही माझ्याकडे बघतच नव्हती. आमच्या हवालदाराचा मात्र धीर सुटला. टेबलावर हात आपटून तो गरजला, "नाव सांग बाई, नाहीतर तोतया म्हणून आत जाशील!"

ती दचकली. मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "पेन्शन बंद करा साहेब. पन मी त्यासनी बायको नई शे, आसं लिखू नका."

दारातून मुलगा ओरडला, "साहेब, आईले नका इचारू. मी सांगस."

त्या एका वाक्याने मी मनाने रावेरला पोचलो, माझ्या लहानपणीच्या घरी. मतदारयादीवाले दारात आले की आई मला हाका मारायची. कारण वडिलांचे नाव तिच्या तोंडून येत नसे. मी शाळेत असलो तर शेजारच्या काकूंना बोलावून घ्यायची, आणि यादीवाले बिचारे ओट्यावर ताटकळत बसायचे. आमची बोली वेगळी, साक्रीकडची वेगळी, पण हा कायदा दोन्हीकडे एकच.

मग मला दुसरेही काही सुचले. ही बाई तोतया असती तर निदान एवढे एक नाव तरी घोकून आली असती.

म्हातारीला चहा पाजून घरी पाठवले. तिच्या माहेरी हवालदाराला जबाब घ्यायला धाडले, तेवढेच त्याचे डोके थंड होईल म्हणून. मी स्वतः पुन्हा केंद्रावर गेलो आणि कारकुनाला उलटा प्रश्न विचारला. "नवऱ्याचे नाव न लाजता, फटकन कोणी सांगितले?"

तो विचारात पडला. "आहेत चार-पाच. अगदी हुशार बाया हो. आडनाव आधी, मग नाव, मग सासऱ्याचे नाव. सरकारी कागदावर असते तसे."

"बरोबर कोण होते?"

आता त्याचा चेहरा उतरला. सगळ्यांबरोबर एकच माणूस होता. केंद्राबाहेर निंबाखाली बसून पेन्शनची कामे करून देणारा एजंट.

एजंटाला ठाण्यात आणला. बोलण्यात गडी पटाईत. मी म्हातारीला चौकशीला बोलावल्याचे त्याला आधीच कळले होते. मलाच म्हणाला, "साहेब, मशीन खोटं बोलत नाही. मशीनने जिला नापास केलं तिला सोडून, पास केलं त्यांना तुम्ही कशाला छळता?" त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याने आणलेल्या बायांपैकी एकीला महिला शिपायाने बोलावून आणले होते. शेतमजुरी करणारी, हाताला भेगा पडलेली. तिला त्याच्यासमोर बसवून मी नवऱ्याचे नाव विचारले. तिने मयत कर्मचाऱ्याचे नाव आडनावापासून घडाघडा म्हणून दाखवले. एजंट माझ्याकडे बघून हसला.

"छान," मी म्हणालो. "आता घरी जो आहे, त्याचे नाव सांग."

तिचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर कपाळावर आला, मान खाली गेली. बोलायची गरजच उरली नाही. एजंटाचे हसू गेले आणि ती बाई ओक्साबोक्शी रडायला लागली. "साहेब, मना नवरा जिता शे. दिवसनी मजुरी दिसू म्हने हाऊ, म्हनीसन उनू."

पुढचा तपास सोपा होता. ज्या विधवा वारल्या पण घरच्यांनी कळवले नाही, त्यांची माहिती हा गडी गोळा करायचा आणि रोजंदारीवर बाया उभ्या करायचा. फसवणूक आणि तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला, पंचनामे झाले, एजंटाने कोठडीत सगळे कबूल केले. बायांना मी साक्षीदार केले. त्यांच्या पदरात दिवसाच्या मजुरीपलीकडे काही पडले नव्हते, आणि त्यांना तुरुंगात घालून खात्याची शान वाढेल असे मला वाटले नाही. तो फोन कोणी केला होता, ते मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

पण म्हातारीचे खाते अजून गोठलेलेच होते. तिच्या भावाचा जबाब आला होता, पोलीस पाटलाचा आला होता. कारकूनही आता तिच्या बाजूचा झाला होता, तरी हात चोळत म्हणाला, "जबाब मशीनमध्ये जात नाहीत, साहेब. वर लिहायचे तर महिने जातील. तिने एकदा नाव सांगितले की आत्ता चालू होईल." मुलाच्या औषधांची उधारी दुकानदाराने थांबवली होती. महिने कुठून आणणार?

तिला पुन्हा बोलावले. ती कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मी म्हणालो, "अक्का, लग्नात नाव घेतले असेल ना? तेच घ्या. उखाण्यात घ्यायला कसली हरकत?"

"आते कसाले भाऊ? ज्यासना नावनं कुकू व्हतं, त्या ते गयात."

मुलगा शेजारीच होता. तो आईचा हात धरून बसला. ती बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत होती. मग महिला शिपायाकडे बोट करून म्हणाली, "हाई पोर ऱ्हावू द्या. बाकी बठ्ठा गडीमानसे भाईर जा."

कारकून गडबडला. मशीन सोडून जायचे त्याच्या नियमात नव्हते. पण मी नुसते बघितले, आणि त्याने कोणती बटणे दाबायची ते शिपाईबाईला घाईघाईने दाखवले. मुलालाही उचलून बाहेर आणले. आम्ही सगळे पुरुष चपला हातात घेऊन उन्हात उभे राहिलो. आत काय चालले होते ते कळेना. टेलिफोनची तार जिल्ह्याला लागताना मशीन करते तो कर्कश आवाज एकदा आला, तुटला, पुन्हा आला. मग दार उघडले.

कारकून आत धावला आणि तिथूनच ओरडला, "चालू झाले!"

म्हातारी बाहेर आली, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि कारकुनाला विचारले, "पुढला साल बी हाई मशीन हाऊच सवाल पुसी का, भाऊ?"

"पुसेल, आजी."

"मंग हाई पोरलेच बलावज्या."

मी वर अहवाल पाठवला, बायांना नवऱ्याच्या नावाऐवजी माहेरचे गाव विचारावे म्हणून. सूचनेची नोंद घेतली, असे उत्तर आले. कारकुनाने मात्र आपल्या अधिकारात पडदा लावून घेतला आणि बायांची पाळी आली की शिपाईबाईला मशीनपुढे बसवून तो बाहेर बसू लागला.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस उत्तर देत नाही तेव्हा त्याच्यावर ओरडण्याआधी आपण काय विचारतो आहोत ते एकदा तपासावे. पुढे कित्येक चौकश्यांत हे मला उपयोगी पडले.

जीप निघून गेल्यावर मी शिपाईबाईला विचारले होते, "काय नाव घेतले गं तिने?" मयताचे नाव मला ठाऊकच होते, ते फाइलीत होते. मला उखाणा ऐकायचा होता.

तिचे डोळे ओले होते. सॅल्यूट ठोकून म्हणाली, "साहेब, ते सांगायचं नाही असं कबूल केलंय मी."

मी तिचा वरिष्ठ होतो. हुकूम केला असता तर तिला सांगावे लागले असते. मी म्हणालो, "बरं," आणि आम्ही ठाण्याकडे निघालो.