बटाट्यांना ऊन दाखवलं

यंदा वैशाखात मावशी नणंदेच्या घरी लग्नाला बिरवाडीला गेली आणि उमरठचं तिचं घर आठ दिवस माझ्या हाती आलं. मी तसा एका जागी टिकणारा नव्हे... पण पायात काटा मोडला होता, म्हणून थांबलो.

जाताना ती म्हणाली, "सदू, पावसाची बेगमी हाय रे. समद्याला ऊन दाखव. नि भटकू नको!"

मिरच्या, वाल, सुकट, आमसुलं... आमच्याकडे ऊन दाखवल्याशिवाय पावसाळ्यासाठी काही आत ठेवत नाहीत. मी पहिल्याच दिवशी सगळं अंगणात मांडलं. कणगीमागच्या काळोखात वाळूवर पसरलेले बटाटेसुद्धा बाहेर काढून ढीग घातला. सगळ्याला म्हणजे सगळ्याला!

हे बटाटे म्हणजे मावशीचा जीव. वाडीत बटाटा कुणी लावत नाही. त्याआधीच्या दिवाळीनंतर बियाणं मीच महाबळेश्वरहून डोक्यावरून आणलं होतं... भात कापलेल्या ओलसर तुकड्यात तिने ते लावलं. शिमग्याआधी बटाटे काढले आणि एकही न चाखता ठेवून दिले.

कारण धोंडू, तिचा मुलगा, मुंबईच्या गिरणीतून दोन वर्षांनी रजेवर यायचा होता. त्याला आपल्या शेतातल्या बटाट्याची भाजी वाढायची, एवढंच तिच्या मनात.

मावशी परतली ती थेट अंगणात. वरचे बटाटे हिरवे पडले होते, काही उन्हाने मऊ होऊन वास मारत होते. "मेल्या, बटाटं काय मिरच्या हायत?" म्हणाली आणि मटकन खाली बसली.

शेजारची पारूकाकी कुंपणावरून म्हणाली, "अगो, साल काढलीस की झालं!"

मीही तेच धरलं. एक हिरवा बटाटा सोलून, उकडून दोघींसमोर खाल्ला... कडू जहर. जीभ चुरचुरली आणि दुपारभर मी तांब्या घेऊन परसातच होतो. पारूकाकी पदरात तोंड घालून हसली, मावशी नाही. "दोन वर्सांनी पोर येतो हाय. त्याला ह्ये वाढू काय रे?"

मग ती एकेक बटाटा दाबून, हुंगून, उजेडात फिरवून बघत बसली. मऊ, हिरवा, वास येणारा... सगळे खड्ड्यात. गुरांनी तोंड घालू नये म्हणून वर माती आणि दगड. मोठा बटाटा टाकताना तिचा हात जरा थांबायचा.

ढिगाच्या तळाशी ऊन न लागलेले सतरा निघाले, चांगले घट्ट. ते पुन्हा कणगीमागच्या काळोखात गेले, आणि मला तिकडे जायची बंदी.

शनिवारी धोंडू दासगावला बोटीतून उतरून चालत आला. भाजीचा घास घेऊन म्हणाला, "आये, आपल्या शेतातलं?" मी मान खाली घातली... आता निघणार सगळं.

"बी सदूनं आनलान, घाटावरनं. डोईवर." एवढंच बोलली. खड्ड्याचं अवाक्षर नाही.

"तू नाय घेत?"

"मला नाय आवडत बटाटा."

कधी खाल्ला होता तिने? मी माझ्या वाटच्या फोडी गुपचूप चुलीपाशी झाकून ठेवल्या. नंतर मावशीला एकटीला जेवताना पाहिलं... शेवटची फोड तिने किती वेळ तोंडात घोळवली.

परवा बियाण्यासाठी पुन्हा घाट चढलो. बियाणं देणारा मळेवाला सांगत होता, काळोखात ठेवा, वारा लागू द्या, अधूनमधून चाळा, हिरवा-मऊ दिसला की टाका. मागच्या खेपेलाही त्याने हेच सांगितलं असणार... पण तेव्हा मी एका साहेबाच्या पांढऱ्या घोड्याकडे बघत होतो.

तो घोडा परवाही आला. टापा ऐकू आल्या, अगदी पाठीमागून गेला... पण मी मळेवाल्याच्या तोंडावरची नजर काढली नाही.